शेवटचा नट

१९७२च्या एप्रिलमध्ये, एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, भिंगारच्या बाजारात घणमिस्त्रींच्या उजव्या हाताची तीन बोटे त्यांच्याच ऐरणीवर ठेवून फोडण्यात आली. घणही त्यांचाच होता. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. रस्ता ओलांडून पोचलो तोवर तिसरा घाव बसला होता.

घणमिस्त्री हे नाव ड्रायव्हरांनी ठेवलेले. जुन्या मोटारींचे स्टेअरिंग खोलून पुन्हा नव्यासारखे उभे करणे हा त्यांचा धंदा. खराब निघालेला भाग ते गिऱ्हाइकाला परत देत नसत, त्याच्यासमोर ऐरणीवर ठेवून मोडत. परत दिलेला भाग कुठेतरी वेल्डिंग मारून पुन्हा गाडीत बसतो, हे त्यांना ठाऊक होते. “ब्रेक गेला तर झाड हुडकता येतं,” ते म्हणत. “स्टेअरिंग गेलं, तर झाडच तुमाला हुडकतं.”

हात त्यांचा चटकन उठे. ढिल्या स्टेअरिंगची गाडी चालवत आणणाऱ्या ड्रायव्हरला आधी थप्पड मिळे, मग बसायला स्टूल. ड्रायव्हर तरी त्यांच्याकडेच येत. लष्कराच्या वर्कशॉपात असताना मिस्त्रींनी एका अपघाती ट्रकची केबिन कापली होती. स्टेअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या छातीतून मागच्या गादीत रुतला होता. दांडा कापून होईपर्यंत तो माणूस पाणी मागत होता. वेल्डिंग मारलेला तो दांडा आधी तुटला आणि मग गाडी झाडावर गेली. मिस्त्रींनी हे मला एकदाच सांगितले, जेवता जेवता. सांगून झाल्यावर त्यांनी भाकरी संपवली.

एप्रिलमधली ती गाडी नेवाशाकडच्या एका बागायतदाराची होती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, विलायती. स्टेअरिंग खोलले तेव्हा आतल्या दांड्याला तडा निघाला. लेथवर नवा करून घ्यायला आठ दिवस लागणार होते. सोमवारी बागायतदार आपला भाचा आणि किसन ड्रायव्हर यांना घेऊन आले. त्यांचे बोलणे हॉटेलापर्यंत ऐकू येत होते.

“मिस्त्री, रविवारी पोराचं लगीन हाय. नवरदेव ह्याच गाडीतनं जानार. दांडा द्या, पल्याडचा वेल्डर अर्ध्या तासात जोडून देतोय.”

“जाऊ द्या की नवरदेवाला गाडीतनं. फुडं बैल जुंपा.”

“थट्टा नगं. वस्तू माजी हाय.”

“वस्तू तुमची. छाती ह्याची,” किसनकडे बोट दाखवून मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी दांडा ऐरणीवर आडवा टाकला. चार घावांत त्याचे दोन तुकडे झाले.

“किसन, धर रं त्याचा हात,” भाचा म्हणाला. किसन बायको-पोरांसह मालकाच्या वस्तीवर राहत होता. त्याने मिस्त्रींचे मनगट ऐरणीवर दाबून धरले. घण भाच्याने मारला. मिस्त्री ओरडले नाहीत, असे भिंगारमध्ये अजून सांगतात. ते खरे नाही. ते बाजाराच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतके ओरडले.

बुधवारी ते प्लास्टर घालून दुकानात आले. गाडी खोललेलीच होती. लेथवाल्याने हातातली कामे बाजूला ठेवून शुक्रवारी दांडा दिला. शनिवारी मालकाने गाडीसाठी किसनला पाठवले. मिस्त्रींच्या दुकानाचा एक नियम होता. स्टेअरिंगचा शेवटचा नट, गाडी जो चालवणार त्यानेच आवळायचा. त्या दिवशी त्यांनी सगळेच काम किसनकडून करून घेतले. त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या होत्या.

“हात धरनाऱ्याच्याच हातात पाना देताय व्हय?”

“चाकामागं त्योच बसनार हाय. त्यो ढिलं सोडनार न्हाई.”

शेवटच्या नटाला किसन रडू लागला. मिस्त्रींनी डाव्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली. “रडतूस काय? आवळ. अजून पाव फेरा.”

रविवारी नवरदेव त्याच गाडीतून गेला.

भाच्यावर आणि किसनवर खटला चालला. मालकाचे नाव आरोपींत नव्हते. घण मिस्त्रींच्याच हातून निसटला, असा बचाव वकिलाने दिला होता. किसनची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “निसटला न्हाई, सायेब. मनगट मी धरलं हुतं.” त्याच संध्याकाळी त्याचे बिऱ्हाड वस्तीबाहेर काढण्यात आले. भाच्याला सहा महिने शिक्षा झाली, किसनला तीन.

मिस्त्रींची तीन बोटे पुन्हा वळली नाहीत. किसनच्या तीन महिन्यांत तुरुंगाच्या भेटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव अकरा वेळा आहे. नात्याच्या रकान्यात डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात प्रत्येक वेळी ‘गिऱ्हाईक’ असे लिहिलेले आहे.