वेणूबाईच्या गाण्याचा शेवट

धर्मराज हा आमच्या कलापथकातल्या वेणूबाईचा मुलगा. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा म्हाताऱ्यांची गाणी मोबाइलवर चित्रित करतो. मोबदला म्हणून आमची बोलणी खातो. मी रंगमंच सोडून जमाना झाला, पण त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो की मान आपोआप ताठ होते.

यंदा बुद्धपौर्णिमेला बदलापूरच्या आमच्या विहारात वेणूबाईचं गाणं पडद्यावर दाखवायचं ठरलं. गाणं तिनंच रचलेलं. धम्म घेतल्यावर तिच्या बापानं देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून उल्हास नदीत कसे सोडले, त्याचं. तिचा गळा आता थकलाय; हे बहुधा शेवटचंच गाणं.

चित्रण झालं. पण कापाकापी, जोडाजोडी करायची कशावर? चांगलं सॉफ्टवेअर दरमहा भाडं मागत होतं. म्हणून आम्ही उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या चंदरशेठच्या दुकानात गेलो.

"ये ले भाऊ, फुल व्हर्जन. पेनड्राइव्ह दे, डाल देता हूँ."

"कॉपी आहे ना, शेठ?"

"उल्हासनगर में खडा होके पूछता है, कॉपी है क्या!" चंदरशेठचं पोट हसून हसून हललं.

धर्मराजही हसला, पण पेनड्राइव्ह खिशातच ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बबनकाका, विहारात आपण म्हणतो, न दिलेलं घेणार नाही. मग आईच्या गाण्याला चोरीचा माल कसा लावू?"

मी भर बाजारात त्याची पाठ थोपटली.

कॉम्प्युटरवरचं एक सॉफ्टवेअर रीतसर फुकट होतं, पण शिकायला वेळखाऊ. पौर्णिमा तोंडावर आलेली. त्यानं मोबाइलवरचं फुकट ॲप घेतलं. त्यात गाणं टाकलं की आपोआप सजवून देणारे तयार साचे होते. पांढऱ्या कमळांचा एक त्याला आवडला. गाण्याची शेवटची ओळ नीट बसली, तेवढं पाहून त्यानं व्हिडिओ बंद केला. पुढे काही असेल हे त्याच्या मनातच आलं नाही.

विहारात मी खड्या आवाजात घोषणा केली. दिवे मालवले. वेणूबाई पडद्यावर गायली आणि बायका डोळे पुसू लागल्या. बापानं टोपली पाण्यात सोडली, ओळ संपली...

आणि घंटा वाजल्या. तबकातली निरांजनं वेणूबाईच्या चेहऱ्याभोवती फिरू लागली. तिच्या कपाळावर कुंकवाचा टिळा उमटला. साच्याच्या शेपटीला आरती होती!

"काय धर्मा," मागून कुणीतरी ओरडलं, "आता प्रसादपण वाट!"

हशा पिकला. वेणूबाईनं पदर तोंडावर ओढला. धर्मराज वायर उपटायला धावला, तर भलतीच वायर उपटली; आरती पूर्ण होऊनच थांबली. स्टेजवर माझी फजिती कमी झालेली नाही, पण तेव्हा निदान रंग तरी फासलेला असे. त्या पोराचा चेहरा उघडा होता.

घरी वेणूबाई त्याला एवढंच बोलली, "माझ्या बापानं नदीत सोडलेले तू मोबाइलमधनं परत आणलेस."

त्यानंतर तो विहाराकडे फिरकला नाही. रस्त्यात मी दिसलो तर गल्ली बदलायचा. शेवटी मीच घरी गेलो. कॉम्प्युटरसमोर बसला होता, त्या वेळखाऊ सॉफ्टवेअरशी झटत. कमळं नाहीत, चमचम नाही. नुसती आई आणि नदी.

"काका, तुम्हीच दाखवा. मी येत नाही."

"तू दारापर्यंत तरी चल."

एका रविवारी वंदनेनंतर पुन्हा दिवे मालवले. गाणं संपलं, पडदा काळा झाला. कुणीतरी दिव्याकडे हात नेला.

"थांब रे," वेणूबाई म्हणाली. "पुढं काय निघतंय, बघू दे."

सगळं विहार त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलं. काही निघालं नाही.

"संपलं," ती म्हणाली. "बबनदादा, त्याला आत बोलवा."

मी दाराशी गेलो. धर्मराज चपलांच्या ढिगापाशी खाली मान घालून उभा होता. आईचा शब्द त्यानं ऐकला होता, तरी पाय उचलत नव्हता.

"सगळे आहेत का अजून?" त्यानं विचारलं.

"आहेत."

मी त्याचा हात धरला. तो आत आला, पण नजर चपलांवरून थेट आईच्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली.