रेडियमची सुई

"वास रोग्याला आपल्याआधी येतो," असं म्हणत अक्का नाकाकडे गेलेला आमचा हात अलगद खाली आणायच्या. तोंडाच्या कॅन्सरची जखम तुम्ही जवळून पाहिली असेल, तर तो हात खाली ठेवणं किती अवघड ते तुम्हाला कळेल.

त्या निपाणीकडच्या, मी बेळगावची. साठ सालच्या आसपास बंगळूरच्या आमच्या इस्पितळात नवशिक्या नर्सना कॅन्सरची शुश्रूषा शिकवणाऱ्या त्या एकट्याच. पुस्तक नव्हतं. जखम धुण्याआधी त्या स्टूल ओढून रोग्याशेजारी बसायच्या, घरी गुरं किती, नाचणी कशी आली, विचारायच्या. आम्ही घाई केली की म्हणायच्या, "स्वल्प थांब गं. आधी माणूस."

तेव्हा गाठ जाळायला गालात रेडियमच्या सुया टोचून ठेवत. दोरा ओवलेल्या, बारीक. एखादी सुई निसटून पट्टीत येई, म्हणून पट्टी टाकण्याआधी झटकून बघायची, हे अक्कांनी शंभरदा सांगितलं होतं. आनेकलच्या एका बाईची पट्टी मी न बघताच बादलीत टाकली. किळस आली होती, दुसरं काही कारण नाही.

सुया काढताना एक कमी भरली.

"पट्टी कोणी बदलली?" डॉक्टर ओरडले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"मी," अक्का म्हणाल्या.

मागच्या व्हरांड्यात बसून त्यांनी एकेक पट्टी उलगडली. सुई सापडली. चिमट्यात येईना, तशी बोटांनीच उचलली. तरी शिकवणं गेलंच. त्यांना रेडियमच्या खोलीत नेमलं. रोज सुया धुवायच्या, दोरे ओवायचे. त्यांचा वर्ग पुढे माझ्याकडे आला.

"सरी, ठीक आहे," त्या एवढंच म्हणाल्या, "मुलींवर ओरडू नकोस."

त्यांचीच वाक्यं मी वर्षानुवर्षं शिकवली.

त्या निवृत्त झाल्यावर माफी मागायचं ठरवून मी के. आर. पुरमला त्यांच्या घरी गेले. रेडियमनं त्यांची बोटं काळी पडून भेगाळली होती. संत्रं सोलता येईना. मी सोलून दिलं.

"मुली कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मी तासभर मुलींबद्दलच बोलत राहिले.

दोन महिन्यांनी त्या गेल्या. त्यामुळे शेवटचं दर्शन त्या दिवशी मला सोडायला आल्या तेव्हाचं, बसथांब्यावरचंच. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं, "काही सांगायला आली होतीस ना?"

"नाही अक्का. सहज आले होते."

त्यांनी मान डोलावली, आणि मला बसायला जागा मिळेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या.