सासऱ्यांचा हुकूम

जवळ सरक गं, लांबून काय ऐकतीस? चार महिन्यांनी उगवलीस आणि लगेच घड्याळ बघायला लागलीस! आज ट्रंक उघडली, तुझ्या आजोबांच्या लष्करी कोटाला डांबरगोळ्यांचा वास आला, आणि मी थेट मेढ्याच्या घरात जाऊन बसले.

पासष्टची लढाई संपल्यावर हे पहिल्यांदा सुट्टीवर आले होते. तुझी आई दीड वर्षाची. बापानं तिला अजून बघितलंही नव्हतं. पण वडीलधाऱ्यांपुढं आपलंच पोर उचलायचं, म्हणजे तेव्हा लाज सोडल्यासारखं. सासरे ओसरीवरच बसलेले. ह्यांच्या हातातला चहा निवला, तरी नजर पोरीवरनं हलेना. ती लुटुलुटु आली, ह्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तरी हात काही पुढं होईना. दाराआड माझा जीव नुसता तुटत होता.

सासरेही पलटणीतले जुने हवालदार. एकदम कडाडले, "जवान, सावधान!"

हे कप ठेवून ताडकन उभे.

"उचल पोरीला! हुकूम हाय माजा!"

ह्यांनी तिला उचललं आणि तिच्या झबल्यात तोंड लपवलं.

"आवं, वरडताय कशाला? पोर भ्याली की!" सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मला सासरे लय कडक वाटले. आता कळतं, ते स्वतः लढाईवरनं घरी आले, तेव्हा त्यांना असा हुकूम कुणीच दिला नसंल.

निघालीस व्हय? बरं. पण लवकर ये बाई, आणि आईला संगं आण. तिला हे मी अजून सांगितलेलं न्हाई.