बिल्ला नाही तर सायकल नाही

आमच्या तात्यापारा वस्तीतून गोल बाजार चालत दहा मिनिटं. तरी कोथिंबिरीची एक जुडी आणायची तर लोक गाडी काढतात. मला हे कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरणीला.

ती स्वतः दवाखान्यात सायकलनं जाते. घर मराठी, पण बोलते निम्मं हिंदी. पेशंटच्या तोंडात हत्यार घातलं की विचारते, "बाजार साइकिल से क्यों नहीं जाते?" तोंड उघडं असल्यावर माणूस काय उत्तर देणार? मान हलवतो. ती समजते, कबूल केलं.

बायको गेल्यावर आठ महिने मी मऊ भात खाऊन होतो. दाढ दुखायची, पण दुखू दिली. शेवटी गाल सुजला तेव्हा गेलो. मलाही तिनं तेच विचारलं. मी तिचा हात बाजूला केला अन् म्हणालो, "सायकल नेतील, पण ठेवतील कुठं? चोरी जाते. आधी स्टँड पाहिजे. मी अडतीस वर्षं टॉकीजसमोर सायकल स्टँड चालवला, मले नको शिकवू."

हे बोलायला नको होतं. चौथ्या दिवशी ती घरी हजर.

बाजारातल्या दुकानदारांचा पुढारी म्हणजे भांडेवाला सेठ. त्याच्या दुकानासमोरच्या कोपऱ्यात मोटरसायकली लागतात. तो कोपरा तिनं त्याच्याकडून एका शनिवारापुरता मागून आणला होता. सेठची अट अशी, की एक जरी सायकल गेली किंवा भांडणतंटा झाला, तर कोपरा परत मोटरसायकलींना आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"काका, तुम्ही बसाल ना?"

"नाही. मी घरातून निघत नाही."

"काहून?"

"ती नाही आता."

"ती तर घरातही नाही काका. मग घरी बसा की बाजारात, फरक काय?"

आठ महिने सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, मी काचेचा असल्यासारखे. असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. मला राग आला. रागासोबत भूकही लागली. तिच्यासमोरच डब्यातले मुरमुरे काढून, दुखऱ्या दाढेची बाजू सोडून, खात बसलो.

टॉकीज पडली तेव्हा जुने बिल्ले भंगारात गेले होते. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून नवे केले, खिळ्यानं ठोकून नंबर पाडले. प्रत्येक नंबरचे दोन. एक सायकलच्या हँडलला, एक मालकाच्या हातात. स्टँडचं सगळं शास्त्र एवढंच. बिल्ल्याला बिल्ला जुळला तर सायकल द्यायची, नाही तर नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टरणीनं गल्लीतल्या सगळ्यांना दारं वाजवून बाहेर काढलं. जाड्या वकीलसाहेबांपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे सायकलवर. कोणाची पुतण्याची, कोणाची शेजाऱ्याची मागून आणलेली. मी जुन्या सवयीनं हँडलमध्ये हँडल अडकवून ओळ लावली. आमच्या वेळी असंच लावायचो, कमी जागेत जास्त मावतात. पण आजकालच्या गिअरवाल्या सायकलींना स्टँडच नसतो, हे मला काय माहीत? वकीलसाहेबांनी आपली टेकवली आणि पूर्ण ओळ एकीवर एक झोपली. घंट्या वाजल्या, चिमण्या उडाल्या, वकीलसाहेब म्हणाले, "मैंने कुछ नहीं किया, माय लॉर्ड!" सारा बाजार हसला. मीही हसलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, मागं वळून पाहिलं कोण हसून राहिलं म्हणून.

मग दोन खांबांना सुतळीचा दोर बांधला आणि सायकली त्याला टेकवल्या. सेठ गल्ल्यावर बसून सगळं पाहत होता.

दुपारी डॉक्टरीण कापडाच्या गल्लीतून धावत आली. फोन कानाला. दवाखान्यात कोणी गाल धरून बसलं होतं.

"काका, साइकिल दो जल्दी!"

"बिल्ला?"

तिनं पर्स पाहिली, ओढणीची गाठ पाहिली. "गिर गया कहीं."

"मग सायकल नाही."

"काका! हा स्टँड मी काढला!"

"हव. सायकलही तुझीच आहे, मले माहीत आहे. बिल्ल्याले माहीत नाही."

लोक गोळा झाले. टॉकीजच्या स्टँडवर बायको माझ्या मागं बसायची; हरवलेल्या बिल्ल्याचा कायदा तिनंच केला होता. ओळख पाहायची नाही, रडणं ऐकायचं नाही, मालकालाच माहीत असतील असे तीन प्रश्न विचारायचे. माणूस कोणताही असो. एकदा तिनं स्वतःच्या भावाला चालत घरी पाठवलं होतं. मी प्रश्न सुरू केले तेव्हा आवाज माझा होता, पण बोलणं तिचंच.

"मागचा ब्रेक कोणत्या बाजूनं घासते?"

"डावी... नहीं, उजवी?"

"सीटखाली काय खुपसलेलं आहे?"

"सीटखाली काही आहे?"

"कापडाचा बोळा आहे, किरकिर थांबवायला कोणी तरी घातलेला. घंटीचं झाकण कोणत्या रंगाचं?"

"काका, रोज चलाती हूँ, देखती थोड़ी हूँ!"

"लोकांच्या दातातली फट दिसते तुले, आपली सायकल दिसत नाही. जा, चालत जा. दहा मिनिटं."

ती लाल झाली. म्हणाली, "जिद्दी बुढ्ढा!" आणि चप्पल फटफटवत खरंच चालत निघून गेली.

ती वळली तेव्हा मला सेठ आठवला. भांडण नको, हीच तर अट होती, आणि ते केलं कोणी? मी. इतके दिवस ती एकेकाच्या मागं लागली, त्यावर मी एका बिल्ल्यासाठी पाणी फिरवलं. सेठ गल्ल्यावरून उठून आला तेव्हा मी दोराची गाठ सोडायला लागलो होतो.

"कका, डॉक्टरनी को नहीं दी?"

"नाही दिली."

"उसी का तो स्टैंड है!"

"असू द्या. बिल्ला नव्हता."

सेठ हसायला लागला. पोट धरून, डोळे पुसत. मग गोदामात गेला आणि पत्र्यांच्या मागून धुळीनं पांढरी झालेली आपली काळी सायकल ढकलत आणली. दोन्ही चाकांत हवा नाही.

"इसको भी रखो. और मुझे बिल्ला दो." मग वळून दुकानदारांना ओरडून म्हणाला, "जो डॉक्टरनी को नहीं देता, वो चोर को क्या देगा! कोना इनका, हर शनिवार!"

संध्याकाळी डॉक्टरीण परत आली. कापडवाल्याला ताग्याखाली बिल्ला सापडला होता. तिनं तो पुढं केला. मी दोन्ही बिल्ले शेजारी धरून नंबर सावकाश वाचला. मुद्दाम. मग कोपरा मिळाल्याचं सांगितलं. ती आधी ओरडली, मग माझ्या खांद्यावर चापट मारली, मग जरा रडली आणि म्हणाली, "काका, सोमवारी दाढ काढायला या. सुई मोठी घेणार आहे."

आता दर शनिवारी मी पोटभर पोळी खाऊन निघतो, कारण दुपारी उसंत मिळत नाही. बायकोची आठवण येते. घरात यायची तेव्हा मी पडून राहायचो. इथं येते ती गर्दीत. कोणी बिल्ला हरवून तोंड पाडून उभा राहिला की मी मागं वळतो, तिला विचारायला, याला देऊ का गं? मागं सायकलीच असतात. तेवढ्यात पुढून कोणी तरी ओरडतं, "कका, जल्दी करो ना, सब्जी सूख रही है!" आणि मी पहिला प्रश्न विचारतो.