वांदरं आपले भाऊबंद

मी सीमेपल्याड हिंदी राज्यात गेलेल्या सौंसरच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी दहावीले उत्क्रांती शिकवून राहिली होती. पुस्तक हिंदीत, पोरं घरी मराठी बोलणारी, अर्धी पेंगत होती. म्हटलं, "अरे, वांदरं म्हणजे आपले भाऊबंदच!" तिथंच घोळ झाला. आमच्याकडे भाऊबंद म्हणजे धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, कोर्टात भेटणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी एक पालक कपाळाला शेंदूर फासून हजर. "मॅडमनं मारुतीले भाऊबंद म्हनलं! आमी का देवासंग धुऱ्यासाठी भांडून राहिलो?" मारुतीचं तर मी नावही घेतलं नव्हतं. आमचा जामसांवलीच्या देवळातला मारुती तर उभा नाही, आडवा निजलेला आहे. त्याची झोप काही मोडली नाही, याची बरी मोडली! पण ऐकतो कोण? हेडमास्तरांनी फर्मान काढलं, 'मी शिकवलं ते चूक होतं' असं लिहून द्या, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. वर, उद्या वडिलांना घेऊन या. तीस वर्षांची मास्तरीण मी, आणि बापाले बोलावणं! डोकंच फिरलं माझं.

खरी धाकधूक बाबांचीच होती. मोहगावला आमचा संत्र्याचा बगीचा, आणि बाबांचा जामसांवलीचा एक शनिवार चुकत नाही. ते आले, टोपी मांडीवर ठेवून सगळं ऐकलं आणि त्या पालकाले म्हणाले, "भाऊबंदच हायेत नं. दरसाल माया बगीच्यातून हिस्सा नेतेत, कामाले एकही येत नाही. हाकलाले गेलं तं वरून दात दाखवतेत." हेडमास्तर हसले, तो पालकही हसला. सुटली बाई, असं वाटलं मला.

हेडमास्तरांनी हसत हसतच कागद पुढे सरकवला. "ते ठीक आहे हो काका, पण मॅडमची सही तर लागेल." नोकरी जाईल या भीतीनं मी सही ठोकली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण केली.

बाबांना मागं बसवून मी गाडी मोहगावला आणली. दारात उतरल्यावर म्हणाले, "उद्या कोनी मले म्हनलं, मारुती नुसता गोटा हाय असं लिहून दे, तं मी देईन का वं? अन् मी तं अडानी मानूस. तू शिकली होती नं?"