कुठी जेवले आज

सिव्हिक सेंटर मागे पडलं तेव्हा सुगतनं गिटारची काळी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "मावशी, तुमाले ऑटो करून देऊ का?"

"आणि तू?"

"मी येतो ना पायी. हळूहळू."

"मंग मी बी पायीच. तुह्या हळूहळूवर माझा भरोसा नाई. पुढच्या चौकातून पलटशील तू."

तो हसला, पण नुसता ओठांनी.

मी नेहरू नगरला बहिणीकडे गेले होते. तिथे चहाच्या टपरीवर हा दिसला. आईचं घर याच शहरात, रुआबांध्याला असताना तीन दिवसांपासून मित्राच्या खोलीवर पडून होता. मी त्याला म्हटलं, चल घरी. नाही म्हणाला नाही, पण ऑटोतही बसेना. म्हणून निघालो पायी. एप्रिलचं ऊन, मी डोक्यावर पदर घेतलेला आणि सोबतीला हा न बोलणारा मुलगा.

सुगत म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या भीमाबाईंचा एकुलता एक. त्याचे वडील भय्याजी भंडाऱ्याकडून येऊन इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले. आम्ही तिकडचेच, त्यामुळे दोन्ही घरांच्या भाज्यांची वाटी जिन्यावरून वर-खाली चालायची. सुगत लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत ढोलकी वाजवायचा. गिटार त्याला शेजारच्या ब्लॉकमधल्या अरुणकुमार सरांनी शिकवली. ते केरळचे, चर्चमध्ये वाजवायचे. भय्याजी म्हणायचे, "वाजव बापा, पण आयटीआय करून वाजव." त्यानं आयटीआय केलं, फिटरचा कागद वडिलांच्या हातात दिला आणि रायपूरला एका हॉटेलात गायला निघून गेला.

तिथे लोक ताटात डोकं घालून जेवायचे आणि हा हिंदी सिनेमातली गाणी म्हणायचा. मग स्वतःची गाणी करू लागला, तीही हिंदीत. एक प्लांटच्या भोंग्यावर होतं. ते इथल्या पोरांना आवडलं, मोबाइलवर खूप वाजलं. घरी आला की आमच्या पायऱ्यांवर बसून वाजवायचा. एकदा मला म्हणाला, "मावशी, याले ब्लूज म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या मजुरायचं गाणं. एक ओळ दोनदा म्हणायची, अन् तिसरीत जे आहे ते सांगून टाकायचं." मी म्हटलं, आमच्याकडे तर बाया रडतातच अशा. तो माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा मला ते बोलणं साधंच वाटलं होतं.

चार वर्षांपूर्वी भय्याजी सकाळच्या ड्यूटीला सायकलनं निघाले. वाटेत छातीत दुखलं म्हणून उतरून कट्ट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. त्यांचा डबा सोबतच्या माणसानं घरी आणून दिला. घर माणसांनी भरलं. भीमाबाईंनी पहिला हंबरडा फोडला तसे विहारातले जुने लोक म्हणाले, "ताई, रडू नका. सारं अनित्य आहे. वंदना होऊ द्या." त्या चूप झाल्या. दिवसभर चूपच होत्या. मी दर रविवारी विहारात जाते. अनित्य म्हणजे काय ते तिथं बसलं की कळल्यासारखं वाटतं, आणि सोमवारी भांडी घासताना पुन्हा सुटून जातं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी तो डबा धुवायला घेतला. झाकण उघडलं आणि हेल काढून रडल्या. मी शेगडीजवळ होते, सुगत दारात.

"डबा आला हो वापस, पोळी तशीच हाये,
डबा आला हो वापस, पोळी तशीच हाये,
सांगा ना मले, कुठी जेवले आज?"

आम्ही दोघांनीच ऐकलं ते.

मागच्या वर्षी त्या रडण्याचं गाणं करून सुगतनं नेटवर टाकलं. एकटी गिटार आणि त्याचा आवाज. पहिल्यांदा मराठीत गायला, आपल्या घरातल्या मराठीत. मी ऐकलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. तिकडे लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. भीमाबाईंकडे साधा फोन, त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना कळलं ते एका लग्नात. कोणीतरी त्याला ठेका लावून डीजेचं गाणं केलं होतं. हळदीला पोरी त्यावर नाचत होत्या. भीमाबाई माझ्या शेजारी ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, चप्पल घातली आणि घरी आल्या. रात्री सुगतला फोन लावला.

"माह्या रडण्यावर लोकं नाचून राहिले रे. तुले पाहिजेच होतं, तर मागतास ना. दुसरं काही दिलं असतं."

त्यानंतर चार महिने झाले, बोलल्या नाहीत. त्याचा फोन उचलतात. तो "आई, जेवली का?" विचारतो. त्या ठेवून देतात.

हे सगळं डोक्यात घोळत मी चालत होते. शेवटी मीच म्हटलं, "तीन दिवस झाले. कशाची वाट पाहून राहिला?"

"बेंगलोरले मोठा प्रोग्राम आहे. त्याइले तेच गाणं पाहिजे. कल तक जवाब देना है."

"दुसरं गा."

"दुसरं काय गाऊ? बाकी सारे जमवलेले आहेत, मावशी. इथून शब्द, तिथून धून. खरं एवढं एकच आहे माह्याजवळ."

"ते तरी तुझं आहे का?"

माझ्या तोंडून निघून गेलं. त्याला लागलं. तो रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या सावलीत सरकला.

"नाई," तो म्हणाला. "म्हणून तर पाय उचलून नाई राहिला. पण तिले रडू दिलं नाई कोणी. ते सारे चूप करून राहिले होते तिले. मले वाटलं, कोणीतरी मोठ्यानं म्हटलं पाहिजे. बाकी डीजेवाल्यानं काय केलं ते मले थोडीच माहीत होतं!"

"मंग हेच सांग तिले. मले कावून सांगतोस?"

आमची इमारत दिसू लागली. वरच्या गॅलरीत भीमाबाईंचं पांढरं लुगडं वाळत होतं. पिठाच्या गिरणीच्या आडोशाला सुगत थांबला. गिटार उतरवून भिंतीला टेकवली.

"चल ना बापा. एवढं आलास तर."

"तुमी जा वरती. तिले विचारा, सुगतनं ते गाणं गावं का नाई. ती नाई म्हणाली तर आजच काढून टाकतो. पुन्हा कधीच गाणार नाई, कसम से. पण मी आलो हे तिले सांगू नका."

"कावून? पोरगा दारात उभा, अन् मायले सांगू नको?"

"मी आलो म्हणून समजलं तर काईबी कबूल करन ती. मी घरात यावं म्हणून हो म्हणन, अन् मंग जिंदगीभर मनात ठेवन. तसं हो नाई पाहिजे मले." त्यानं माझा हात धरला. "अन् मावशी, ती नाई म्हणाली, तर माह्या तोंडाकडे पाहून बदलू नका. नाईच सांगजा मले."