मांडव चढतोय की उतरतोय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्ये हसलेलं मला चालत नाही. आणि चहा पिऊन टाका. गार झाला तर पुन्हा मिळणार नाही.

माझा धंदा मांडवाचा. चौथीत शाळा सुटली, वडिलांनी हातात सुतळी दिली. तेव्हापासून कराडच्या आसपास जेवढी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्यांना सावली माझ्या कापडाची. अर्धा मांडव लांबून दाखवा. तो चढतोय की उतरतोय, हे मी नुसतं बघून सांगतो. लग्नातलं मला कुणी काही शिकवायचं नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच गळ्यात पडणार आहे.

शंकर माझा लहानपणचा दोस्त. बेंगळुरात सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागला, तो तिथलाच झाला. त्याची बायको सुशीला आमच्याच आळीतली. तिला सख्खा भाऊ नाही. राखी मला बांधते. म्हणजे तिच्या चिमीचा मामा मीच. चिमीचं लग्न तिकडच्याच कानडी घरात ठरलं. मुलगा सर्जापूर रोडला राहतो आणि कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो, ते त्यालाही सांगता येत नाही.

शंकरचा फोन आला.

"तात्या, रविवारी सकाळी मुहूर्त. तू शनिवारी संध्याकाळीच पोच. इकडं नवरीला मांडवात मामाच आणतो बघ. आणि मुहूर्ताची पिवळी साडी तुझी."

"मला सांगतोस?"

"सांगत नाही रे, आठवण करतोय."

"विसरतो त्याला आठवण करायची."

"बरं बाबा. आणि ऐक, शनिवारी संध्याकाळी इकडं काय असतं की..."

"शंकऱ्या, मांडवात जन्म गेला माझा. ठेव फोन." आणि मीच ठेवला.

बायकोचे गुडघे दुखत होते, म्हणून एकटा निघालो. निपाणीच्या पुढे मी जन्मात गेलो नव्हतो. माझ्या लेखी तो परदेशच. बायको म्हणाली, "दोन दिवस चाललाच आहात तर गाव बघून या. आणि भांडून येऊ नका."

"मी कधी भांडतो?"

तिने छताकडे बघितलं.

जयनगरला कार्यालयाच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा दिवे लागले होते. गाडीला उशीर झाला होता, पण मला घाई नव्हती. मुहूर्त उद्याचा. पिशवीत साडी, डोक्याला फेटा. आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजलो.

स्टेजवर चिमी आणि तो मुलगा. दोघांच्या गळ्यात मनगटाएवढे जाड हार. समोर माणसांची रांग. पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, खाली उतरायचं. वरच्या मजल्यावर पंगती बसलेल्या. पापडाचा आवाज खालपर्यंत येत होता.

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता?

तरी मी म्हटलं, तात्या, घाई नको. नीट बघ. बघितलं, तर चिमी निळ्या चमचमत्या घागऱ्यात. पिवळी साडी माझ्या पिशवीत आणि नवरी घागऱ्यात! खाली एकही अक्षता नाही. म्हणजे झाडूनसुद्धा झालं. शहरातली माणसं, काम भराभर.

आणि मग दिसला मांडव. स्टेजच्या डाव्या अंगाला छोटासा, चार खांबांचा. दोन खांबांना फुलं, दोन उघडे. शिडीवर एक माणूस, खाली टोपलीत फुलांचा ढीग. दोन खांब सोडून झाले होते, दोन राहिले होते. धंद्यातली नजर आहे माझी. मांडव उतरत होता.

लग्न लागलं होतं! माझ्याशिवाय!

दारात एक जण गुलाबपाणी शिंपडत होता. त्याच्या डोक्याला जरीचा पेटा, म्हणजे त्यांच्याकडचा फेटा. मी त्याला विचारलं, "लग्न कधी लागलं?" त्याला मराठी कळेना. माझ्या फेट्यावर गुलाबपाणी मारून त्याने हात तोंडाकडे नेला आणि माडीकडे बोट केलं. जेवा म्हणे!

तेवढ्यात सुशीलाने स्टेजवरून मला पाहिलं. चेहरा उजळला तिचा. हात हलवला. मी तिच्याकडे रोखून बघितलं. तर तिनेही तेच केलं. हात तोंडाकडे, बोट माडीकडे.

म्हणजे सख्ख्यापेक्षा जवळच्या भावाला एवढंच. जेव आणि जा.

माझं डोकं गरगरायला लागलं. रविवार सांगून शनिवारी का उरकलं? मला खोटा मुहूर्त का दिला? आणि मग एकेक उलगडत गेलं. समोर बसलेले व्याही सगळे कोटातले, इंग्रजी बोलणारे. मामा कोण, तर मांडववाला. चौथी शिकलेला. यांना लाज वाटली असणार. म्हणून मामा यायच्या आत मुलगी उजवून घेतली.

मी पिशवी काखेत मारली आणि न जेवता बाहेर पडलो. कुणी हाक मारली की नाही, ठाऊक नाही. मारली असती तरी मी वळलो नसतो.

एक लॉज मिळाला. शंकरचा फोन आला. बंद केला तो फोनच. आता आठवण करतोय! दोन केळी खाल्ली आणि साडीची पिशवी उशाला घेऊन पडलो. झोप कसली? एकच गोष्ट कळत नव्हती. शंकर खोटं बोलणारा माणूसच नाही. मग बोलला कसा?

सकाळी ठरवलं, लग्न गेलं तर जाऊ दे. गाव बघायचं. पैसे भाड्याचे घातलेत. लॉजच्या दारातून गाव दाखवणारी छोटी बस सुटत होती, तीत चढलो. साडीची पिशवी मांडीवर. शेजारी एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी फेटा बघितला आणि मराठीत विचारलं,

"कुठले हो अण्णा?"

"कराड."

"आम्ही इथलेच. आजोबांच्या आजोबांपासून. घरी मात्र मराठीच बोलतो, सरी की चूक ते तुम्ही सांगा. राधाक्का म्हणतात मला. पाहुण्यांना गाव दाखवायला निघाले. तुम्ही एकटेच?"

"एकटाच."

"पिशवीत काय ते? कवळून बसलाय."

मी बोलणार नव्हतो. पण रात्रभर पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. बस मोठ्या नंदीच्या देवळापाशी थांबली, सगळे नंदी बघायला उतरले, आणि मी मात्र पायरीवर बसून सांगतोय. खोटा मुहूर्त, घागरा, तोंडाकडे नेलेला हात. राधाक्कांच्या पाहुण्यांनीही कान दिला. त्यांच्यातला एक सोलापूरचा म्हणाला, "लई वाईट केलं. तुम्ही परत जाऊन चार शब्द ऐकवाच."

मला बरं वाटलं. न्याय करणारी माणसं अजून आहेत.

राधाक्का मात्र डोळे बारीक करून म्हणाल्या, "स्वल्प थांबा. काल सांजेला हार होते म्हणता?"

"मनगटाएवढे."

"रांग लावून फोटो?"

"होय."

"होम होता?"

"विझवला असेल."

"मंगळसूत्र पाहिलंत गळ्यात?"

"हारात दिसतंय कुठे?"

त्यांनी कपाळावर हात मारला. देवळातल्या घंटेपेक्षा मोठा आवाज झाला. "अय्यो अण्णा! ते लग्न न्हवे! ते रिसेप्शन!"

"रिसेप्शन लग्नानंतर असतं, बाई. मांडवात जन्म गेलाय माझा."

"तुमच्या मांडवात. आमच्या गावात आदल्या सांजेला! आधी जेवण, फोटो, सगळं. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. आज! आत्ता!"

मी उभा राहिलो. मग बसलो. मग परत उभा राहिलो.

"पण मांडव सोडत होते. मी डोळ्यांनी पाहिलं."

"सोडत न्हवते हो. बांधत होते!"

काय सांगू? पायाखालची पायरी सरकली. आयुष्यभर ज्यावर पोट भरलं, तीच गोष्ट उलटी दिसली मला. दोन खांबांची फुलं काढून झाली नव्हती. दोन खांबांना लावून झाली होती.

आणि मुहूर्ताची साडी माझ्या मांडीवर. नंदीच्या देवळात.

राधाक्का तोवर ड्रायव्हरपर्यंत पोचल्या होत्या. तो म्हणत होता, पुढचं ठिकाण लालबाग आहे, वळसा पडेल. त्या त्याला कानडीत जे बोलल्या ते मला कळलं नाही. पण तो निमूट गाडीत बसला आणि त्याने हॉर्नवरचा हात जयनगर येईपर्यंत काढला नाही.

बस थेट कार्यालयाच्या दारात. तोच गुलाबपाणीवाला. मी पुढे, मागे राधाक्का, त्यांच्या मागे अख्खी बस. तो शिंपडून शिंपडून दमला.

नवरीच्या खोलीत चिमी बसली होती. केसांत फुलं, हातांत हिरवा चुडा, आणि अंगावर घरातली सुती साडी. समोर सुशीला लाल साडी घेऊन उभी, रडून डोळे सुजलेले. बाहेर भटजी ओरडत होते.

"मामाची साडी आल्याशिवाय मी उठणार नाही," चिमी सांगत होती. "रात्रीपासून सांगतेय."

मी पिशवी पुढे केली.

"दादा!" सुशीलाच्या हातातली लाल साडी खाली पडली. "कुठं होतास रात्रभर? हॉस्पिटलंसुद्धा पालथी घातली यांनी! जेवून घे म्हणून वर पाठवला, तर नाहीसाच झालास!"

शंकर दारात आला. दाढी न केलेला, डोळे लाल.

"बरं वाटत नव्हतं," मी म्हणालो.

एवढ्यावर भागलं असतं. पण राधाक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. घागरा, होम, उतरलेला मांडव, नंदीची पायरी. आधी मराठीत सांगितलं. मग कानडीत सांगितलं, म्हणजे व्याह्यांकडची माणसं उपाशी राहायला नकोत. भटजी हसले. कोटातले व्याही तर खुर्चीचा आधार घेऊन हसले. मग उठून माझ्याकडे आले, हात जोडले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले की आमच्याकडं मामा नसला तर लग्नच लागत नाही, आम्ही तर हातपाय गाळून बसलो होतो.

शंकर हसला नाही. जवळ येऊन एवढंच म्हणाला, "फोनवर तेच सांगत होतो की रे."

चिमी पिवळी साडी नेसून आली. मी तिचा हात धरला. मांडवाचे चारही खांब फुलांनी भरलेले होते. बांधणी चांगली होती. सुतळीची एक गाठ दिसत नव्हती.

"मामा," चिमी हळूच म्हणाली, "आता मध्येच पळू नका."

"पुढे बघ," मी म्हटलं.

बस पंगतीला बसली. ड्रायव्हरने होळिगी, म्हणजे त्यांची पुरणपोळी, तीनदा मागून घेतली. लालबाग कुणी पाहिली नाही. मीही नाही.

गावी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. सुशीलाने बायकोला फोन केला होता. बायकोने आळीला सांगितलं.

परवा एका घरी मांडव घालत होतो. शिडीवर होतो. बायको खाली पिशवी धरून उभी. रस्त्यावरून एक जण गेला आणि ओरडला, "काय तात्या, चढवताय की उतरवताय?"

मी त्याला खणखणीत उत्तर देणार होतो. पण आधी सहज हाताकडे बघितलं. हातात सुतळीची गाठ होती. अर्धी मारलेली, की अर्धी सोडलेली?

क्षणभर कळेना.

शेवटी खाली वाकून बायकोला विचारलं.